सांगितले तर शाळा सुटेल? : विद्यार्थ्यांची सुरक्षितता आणि आपण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये पळसाचे झाड आणि त्यावर फडकणारा झेंडा. त्या दिवशी आपल्या भागातील वैद्यकीय यंत्रणा किती सज्ज असते, हे वेगळे सांगायला नको. प्रथमोपचार केंद्रे उभी राहतात, रुग्णवाहिका तयार असतात आणि शेकडो जखमींची मलमपट्टी होते. ती जखम डोळ्यांना दिसते. ती कुठे झाली, कशी झाली, हे जखमीला कोणी संकोचाने विचारत नाही आणि सांगताना तोही मान खाली घालत नाही.

या लेखाचा विषय मात्र न दिसणाऱ्या जखमांचा आहे. शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींवर वाटेत, शिकवणीत, वसतिगृहात किंवा हातातल्या मोबाइलवर जे अपराध घडतात, त्यांच्यासाठी नदीकाठी तंबू उभारला जात नाही. ती मुले आपल्यापर्यंत येतात ती बहुधा दुसऱ्याच तक्रारी घेऊन. म्हणून डॉक्टर आणि पालक या दोघांशीही थोडे मोकळेपणाने बोलावे, असे मनात आहे.

सीमेवरचे विद्यार्थी

सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा नवा असला तरी जीवनक्रम जुनाच आहे. राज्य मध्य प्रदेश, घरातली भाषा मराठी, शाळेतली बहुधा हिंदी, आणि उच्च शिक्षणासाठी नजर नागपूरकडे. पांढुर्ण्याहून नरखेड-काटोल मार्गे रेल्वेने, सौंसरहून सावनेर मार्गे बसने आपली मुले नागपूर गाठतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सीमारेषा आखली गेली; परंतु संत्र्याची बाजारपेठ, रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्या बाबतीत ती रेषा आपण कधी मानली नाही.

याचा अर्थ असा की आपला विद्यार्थी अवघ्या सतराव्या-अठराव्या वर्षी रोज किंवा दर आठवड्याला राज्याची सीमा ओलांडतो. घर एका राज्यात, महाविद्यालय दुसऱ्या राज्यात. काही विपरीत घडले तर तक्रार कुठे करायची, कोणत्या भाषेत करायची आणि मुळात करायची की नाही, हे तीन प्रश्न त्याच्यासमोर एकाच वेळी उभे राहतात. पहिल्या दोन प्रश्नांना कायद्याकडे उत्तर आहे. तिसऱ्याचे उत्तर आपल्या घरात आहे.

न सांगण्यामागचे कारण

मी या भागात अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करते. पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे, मासिक पाळीची अनियमितता अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनींत काही जणी अशा असतात की तपासण्या निर्दोष निघतात आणि दुखणे मात्र कायम राहते. अशी एक विद्यार्थिनी, जिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, माझ्याकडे तीन वेळा आली. तिसऱ्या वेळी मी तिच्या आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि तिला विचारले, "दुखतं कोणत्या दिवशी?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कॉलेजच्या दिवशी." दोन महिन्यांपासून एक तरुण बसथांब्यापासून तिचा पाठलाग करीत होता. घरी का नाही सांगितले, असे विचारताच ती चटकन म्हणाली, "सांगितलं तर कॉलेज बंद करतील."

तिचे भय निराधार नव्हते. दुसऱ्या दिवशी वडील आले. भला माणूस, कपाशीची शेती, मुलीवर जीव. पण त्यांचे पहिले वाक्य हेच होते : "आता बस झालं शिक्षण. घरीच राहू द्या तिले. गावात पोरीचं नाव होते." मी त्यांना म्हटले, "काका, वाट अडवली त्यानं. मग घरी बसायची शिक्षा हिला का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी लेखी तक्रार केली, पोलिसांनी त्या तरुणाला बोलावून समज दिली, आणि मुलीने पदवी पूर्ण केली. शिक्षण बंद होणार नाही, हे वडिलांनी सांगितल्यावर तिची पोटदुखीही थांबली.

सर्वच प्रसंगांचा शेवट इतका सरळ होत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु "सांगितलं तर शिक्षण बंद करतील" हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून इतक्या वेळा ऐकले आहे की अपराध्याचे सर्वांत मोठे बळ कोणते, असे कोणी विचारले तर मी हेच वाक्य सांगेन. अंधारी वाट किंवा निर्जन थांबा यांपेक्षाही मुलीच्या मनातील हे भय त्याला अधिक उपयोगी पडते. कारण ती बोलणार नाही, याची त्याला खात्री असते.

अनोळखी की ओळखीचा?

"अनोळखी माणसाशी बोलू नकोस," एवढे सांगितले की आपले कर्तव्य संपले असे आपल्याला वाटते. वास्तव निराळे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या प्रकरणांतील नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलणे झाले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते. बहुतेकांनी ती गोष्ट कोणाजवळही बोलून दाखवली नव्हती.

हे आकडे दोन गोष्टी शिकवतात. पहिली, धोका नेहमी लांबून चालत येत नाही. तो शिकवणीवर्गात, शेजारात, नात्यात, शाळेच्या गाडीतही असू शकतो. दुसरी, मुलग्यांच्या सुरक्षिततेचा विचार आपण जवळजवळ करतच नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी यांत भेद करीत नाही. आपणही करू नये.

पाठलाग ही थट्टा नव्हे

पाठलागाकडे "वयच तसं आहे" म्हणून काणाडोळा करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. या सवयीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९९० मध्ये उल्हासनगर येथे दहावीची परीक्षा देत असलेल्या मुलीला एकतर्फी प्रेमातून परीक्षा केंद्रातच जाळण्यात आले. तीस वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे महाविद्यालयाकडे निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भररस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले. आठवडाभराने नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. आरोपी ओळखीचाच होता. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

२०१३ पासून पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दर्शवूनही वारंवार संपर्क साधणे, तिच्यामागे जाणे, किंवा तिच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणे, हे सारे त्यात येते. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण वहीत टिपून ठेवणे, आलेले संदेश पुसून न टाकता त्यांचे स्क्रीनशॉट ठेवणे आणि पहिल्या-दुसऱ्या वेळीच घरी सांगणे, ही सवय मुलींना लावावी. पण घरी सांगण्याची सवय तेव्हाच लागते, जेव्हा सांगणाऱ्याला शिक्षा होत नाही.

"ही आमची हद्द नाही"

आता हद्दीच्या प्रश्नाकडे वळू. घटना नागपूरला घडली, मुलगी सौंसरला घरी परतली. किंवा रेल्वेत नरखेडजवळ काही घडले आणि विद्यार्थी पांढुर्ण्याला उतरला. अशा वेळी "तिकडे जाऊन तक्रार करा" हे उत्तर ऐकून अनेक कुटुंबे परत फिरतात आणि पुन्हा जात नाहीत. आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांनी म्हणूनच 'झिरो एफआयआर' ही संज्ञा पाठ करून ठेवावी. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते; ते ठाणे तिची नोंद करून संबंधित हद्दीतील ठाण्याकडे पाठवते. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या २०१३ मधील अहवालानंतर या पद्धतीला चालना मिळाली आणि २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तिला स्पष्ट आधार मिळाला. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. लैंगिक अपराधांत पीडितेचे कथन महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायचे असते, आणि अशा गंभीर प्रकरणी नोंद घेण्यास नकार देणारा लोकसेवक स्वतः शिक्षेस पात्र ठरतो.

'नाव होईल' या भयालाही कायद्याने उत्तर दिलेले आहे. लैंगिक अपराधातील पीडितेची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. अल्पवयीन असल्यास पोलिसांनी साध्या वेशात, मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी जबाब घ्यायचा असतो आणि रात्री त्याला ठाण्यात ठेवता येत नाही.

आपण डॉक्टरांनी काय करावे?

अनेकदा पोलिसांच्याही आधी ही मुले आपल्यासमोर येतात. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरचे प्रकरण आठवावे. बालवर्गातील दोन चिमुकल्यांवर शाळेतच अत्याचार झाला. पालकांनी प्रथम स्थानिक डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. त्यानंतर मात्र गुन्हा नोंदवण्यासाठी त्यांना तासन्‌तास थांबावे लागले, त्यावरून लोकक्षोभ उसळला आणि पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पालकांच्या शंकेला पहिले गंभीर उत्तर देतो तो बहुधा डॉक्टरच.

आपली कर्तव्ये थोडक्यात अशी. बलात्कार, आम्लहल्ला किंवा पॉक्सोखालील गंभीर अपराधाच्या पीडितास प्रत्येक रुग्णालयाने, मग ते शासकीय असो वा खासगी, तत्काळ आणि विनामूल्य उपचार देणे बंधनकारक आहे. "आधी पोलिसांचे पत्र आणा" असे म्हणता येत नाही. उपचार नाकारणे हा दंडनीय अपराध आहे. पोलिसांना कळवणेही आपले कर्तव्य आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत पॉक्सोच्या कलम १९ नुसार त्यात सूट नाही. सज्ञान पीडितेची पोलीस तपासात पडण्याची इच्छा नसेल, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे तिचा जाणीवपूर्वक नकार नोंदवावा. उपचार मात्र कोणत्याही स्थितीत थांबवू नयेत. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जैविक नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. म्हणजेच "उद्या या" हे आपले दोन शब्द पुरावाही नष्ट करू शकतात आणि आरोग्यही.

तपासणीच्या पद्धतीविषयी आपल्या विदर्भाचे योगदान मोठे आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकशास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० च्या सुमारास अशा तपासण्यांतील त्रुटी पुराव्यानिशी मांडल्या, आणि हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिकेद्वारे गेला. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पीडितेच्या सन्मानाचा भंग करणारी ठरवली आणि ती करणारा गैरवर्तनाचा दोषी राहील, असे २०२२ मध्ये बजावले. तरीही जुन्या छापील नमुन्यांवर ही अक्षरे कुठे शिल्लक असतील, तर ती आजच काढून टाकावीत.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. मुलगी मराठीत, किंबहुना आपल्या घरच्या बोलीत सांगते. कागद हिंदीत तयार होतो. आणि प्रकरण नागपूरला गेले तर पुन्हा भाषा बदलते. या प्रवासात तिचे शब्द हरवतात. म्हणून रुग्णाच्या इतिहासात तिचे वाक्य तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहावे. आपण सभ्य भाषेत केलेला सारांश न्यायालयात निरुपयोगी ठरू शकतो. तिचे मोडकेतोडके वाक्य मात्र पुरावा होऊ शकते.

वसतिगृह आणि मोबाइल

वैद्यकीय शिक्षण घेणारी आपलीच मुले किती सुरक्षित आहेत, हा प्रश्न ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या हत्येने देशापुढे ठेवला. रॅगिंगचा प्रश्न त्याहून जुना. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये झालेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक नियम केले. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. मुलाला वसतिगृहात सोडताना गादी आणि फराळाच्या डब्याबरोबर १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी क्रमांकही द्यावा. महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते. तिचे सदस्य कोण, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्यावे.

मोबाइलवरील अपराधांत तर मुलगेच मोठ्या संख्येने अडकतात. अनोळखी तरुणीच्या नावे मैत्री, मग व्हिडिओ कॉल, मग त्याचे चित्रण दाखवून पैशांची मागणी. लाजेपोटी मुलगा पैसे देतो आणि मागणी वाढत जाते. अशा वेळी पैसे देऊ नयेत, पुरावा पुसू नये आणि तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. आर्थिक फसवणुकीत पहिले काही तास फार मोलाचे असतात. दुसरा सापळा म्हणजे बँक खाते 'भाड्याने' देणे. "तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, दोन हजार तुझे," या आमिषाला भुललेला विद्यार्थी फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी ठरू शकतो. एटीएम कार्ड, सिमकार्ड आणि ओटीपी मित्रालाही देऊ नये, हे मुलांना निक्षून सांगावे.

घरातला एक शब्द

काही क्रमांक घरातील भिंतीवर आणि आपल्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात ठळक लिहून लावावेत : तातडीच्या मदतीसाठी ११२, बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, रेल्वेप्रवासात १३९, सायबर फसवणुकीसाठी १९३०, आणि मन खचले असता टेलिमानस १४४१६. मुलांनी गटाने प्रवास करावा, बस वा गाडी चुकल्यास घरी कळवावे, अनोळखी वाहनात बसण्यापूर्वी त्याचा क्रमांक घरी पाठवावा, हेही योग्यच आहे.

परंतु या साऱ्या सूचनांचा उपयोग एका अटीवर अवलंबून आहे. फोन लावणाऱ्या मुलाला पलीकडून रागाचा पहिला शब्द ऐकू येता कामा नये. "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न विचारला की पुढचे सारे क्रमांक निकामी होतात. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की मुलामुलींना काही घडण्याची वाट न पाहता, आजच, स्पष्ट शब्दांत सांगावे : "काहीही झालं तरी मला सांग. तुझं शिक्षण बंद होणार नाही." आणि दिलेला हा शब्द पाळावा.

डॉक्टर बंधुभगिनींना एकच सूचना. किशोरवयीन रुग्ण वारंवार एकच दुखणे घेऊन आला, तर त्याच्याशी दोन मिनिटे एकट्याने बोलावे. मुलगी असल्यास परिचारिका सोबत असावी. शाळांच्या आरोग्य तपासणीत वजन, उंची, दात आणि डोळे यांच्या जोडीला "घरी, वाटेत, शाळेत कोणाची भीती वाटते का?" हा प्रश्न घालावा. त्याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा मिनिट लागतो. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या प्रत्येक शाळेत या वर्षी तो विचारला जावा आणि उत्तर देणाऱ्या मुलाच्या पाठीशी आपण उभे राहावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून लेख पुरा करते.